दुखण्याला अर्थ कोण देतो? : कृपाबाई, रमाबाई आणि लक्ष्मीबाई

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आष्टी-कड्याची माणसे दुखणे बळावले की बीडपेक्षा नगरला जवळ करतात. अंतर कमी हे एक कारण, जुनी सवय हे दुसरे. नगरच्या ‘बूथ हॉस्पिटल’चे नाव त्या भागातल्या घराघरांत ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी बायका-मुलांसाठी सुरू केलेले हे इस्पितळ पुढे १९३९मध्ये साल्व्हेशन आर्मीकडे आले. बीड निजामाच्या राज्यात आणि नगर इंग्रजांच्या मुलखात, अशी सरहद्द मधे असतानाही आजारी माणूस ती ओलांडत होता. उत्तरेला जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६०च्या दशकापासून काम मांडले होते आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले होते. म्हणजे बीडच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या मिशनांच्या आश्रयाने, मराठी ख्रिस्ती समाज आकार घेत होता.

या समाजाचा इतिहास बहुधा धर्मांतराच्या अंगाने लिहिला गेला. कोण बाटला, का बाटला, कोणी बाटवले, याच प्रश्नांभोवती तो फिरत राहिला. मला गेली काही वर्षे वेगळाच प्रश्न छळतो आहे. गंभीर दुखण्यात पडल्यावर किंवा घरात एकामागून एक मरणे झाल्यावर या माणसांच्या नव्या श्रद्धेने त्यांना नेमके काय दिले? ‘सांत्वन दिले’ हे उत्तर सोपे आहे, आणि अपुरेही. सांत्वन जुन्या धर्मातही होते. अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत काय, देहूचे तुकोबा काय, दुःखाशी बोलायची भाषा आपल्याकडे कधीच कमी नव्हती. मग नवे काय आले?

हे तपासण्यासाठी मी तीन स्त्रिया निवडल्या आहेत: कृपाबाई सत्यनाथन, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. तिघीही ख्रिस्ती होत्या, तिघींनीही लिहिले आणि तिघींच्याही आयुष्यात आजारपण आणि मृत्यू वारंवार येऊन गेले. त्यांतल्या पहिल्या दोघींना डॉक्टर व्हायचे होते आणि शरीरानेच त्यांची वाट अडवली. या योगायोगाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

‘कोणाच्या पापामुळे?’

आधी त्या काळातला आजारी माणूस समजून घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पटकी, देवी, क्षय आणि पुढे प्लेग यांच्यापुढे वैद्य आणि डॉक्टर दोघेही बहुतेक वेळा हतबल असत. अशा वेळी उपचारापेक्षा स्पष्टीकरण अधिक मिळे. देवीचा कोप, कोणाची करणी, पूर्वजन्मीचे संचित. भोग आहेत ते भोगूनच संपवायचे. या स्पष्टीकरणाचा एक फायदा होता: जग अर्थहीन वाटत नसे. तोटाही तितकाच मोठा होता. आजारी माणूसच गुन्हेगार ठरे. अंगावर रक्तपिती उमटलेला माणूस, नवरा गेलेली बालविधवा, जन्मांध मूल यांना दुःख तर होतेच, शिवाय ते दुःख त्यांनी कमावलेले आहे असा निकालही होता.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो. हा प्रसंग मराठी वाचकापर्यंत पोहोचला तेव्हा त्यातला नकार किती मोठा वाटला असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. प्रश्न ओळखीचा होता. आपल्या ओसरीवर रोज विचारला जाणारा होता. उत्तर मात्र अनोळखी होते.

याचा अर्थ ख्रिस्ती प्रचारकांनी दोषाची भाषा सोडली होती असे अजिबात नाही. दुष्काळ आणि साथी म्हणजे देवाने दिलेली ताकीद, असे सांगणारे उपदेशक त्यांच्यातही होते. मिशनच्या अहवालांत ‘शांतपणे प्रभूकडे गेलेल्या’ माणसांच्या मृत्युशय्येची वर्णने येतात, तीही मी जपून वाचतो. ती परदेशातल्या वर्गणीदारांसाठी लिहिलेली असत आणि त्यांचा साचा ठरलेला असे. म्हणूनच स्वतःच्या दुखण्याविषयी स्वतः लिहिणाऱ्यांकडे वळणे भाग आहे.

कृपाबाई : डॉक्टर होता होता

कृपाबाईंचा जन्म १८६२चा, नगरचा. वडील हरिपंत खिस्ती मुंबई इलाख्यातल्या आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांपैकी, आई राधाबाई. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर हाच त्यांचा गुरू झाला. पुस्तके, निसर्ग, वाद घालण्याची सवय हे सारे त्याच्याकडून आले. कृपाबाई किशोरवयात असतानाच तोही गेला. पुढे ‘सगुणा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी हा आघात लिहिला. तो वाचताना जाणवते ती त्यातली रिकामी जागा. मुलीला लगेच देव भेटत नाही, लगेच शांती मिळत नाही. ती कोरडी होऊन जाते, आणि लेखिका तो कोरडेपणा लपवत नाही.

मुंबईला मिशनरी बायकांच्या सहवासात शिकताना डॉक्टर होण्याचा विचार पक्का झाला. बंद दारांआड, पुरुष डॉक्टरला न दाखवता मरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीची शक्यता निर्माण झाली, पण प्रकृती पाहता डॉक्टरांनी जाऊ दिले नाही. तेव्हा १८७८मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. या कॉलेजाने स्त्रियांना प्रवेश देऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी त्यांनी चांगले यश मिळवले आणि वर्षभरातच शरीर मोडले. अभ्यास सोडून त्या पुण्याला बहिणीकडे विश्रांतीसाठी आल्या.

इथे ‘देवाची इच्छा’ म्हणून गोष्ट आटोपता आली असती. तसे झाले नाही. मद्रासच्या ज्या सत्यनाथन कुटुंबात त्या राहिल्या होत्या, त्या घरातल्या सॅम्युएल यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. उटकमंडला त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालवली. प्रकृती साथ देईल तेव्हा शिकवायचे, नाही तेव्हा लिहायचे. ‘सगुणा’ १८८७-८८मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली. त्यांचे एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले. त्यानंतर त्या खोल निराशेत गेल्या आणि क्षयाने त्यांना पुरते धरले.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका पुरावा इथे आहे. शेवटच्या आजारपणात त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली, ती ‘कमला’. मरण समोर दिसत असताना ही ख्रिस्ती लेखिका लिहिते कोणाविषयी? एका हिंदू ब्राह्मण मुलीविषयी. सासरचा छळ, वैधव्य आणि एकटेपण वाट्याला आलेल्या मुलीविषयी. कमलाला ती ख्रिस्ती करत नाही. कमला पुनर्विवाहही नाकारते आणि उरलेले आयुष्य निराधारांच्या सेवेत घालवते. कादंबरी म्हणून हा शेवट कोणाला भाबडा वाटेल, पण आजारी माणसाचे लेखन म्हणून तो विलक्षण आहे. अंथरुणावर पडलेल्या माणसाचे जग आकसत जाते. नाडी, ताप, खोकला, औषधाची वेळ, एवढेच उरते. कृपाबाईंचे जग मात्र त्या अंथरुणावरून बाहेर पसरत गेले. ३ ऑगस्ट १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. ‘कमला’ त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली, ‘सगुणा’ १८९५मध्ये.

कृपाबाई इंग्रजीत लिहीत असल्याने मराठी वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळाली नाही. पण त्यांच्या लेखनातले नगरचे घर, आईचे सोवळे-ओवळे, भावाबहिणीचे नाते हे सगळे इथले आहे. श्रद्धा असूनही मिशनरी बायकांच्या वरचढपणाने झालेला अपमान त्यांनी लपवला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांच्याकडून धर्म घेतला त्यांच्याकडून आत्मसन्मान उसना घ्यायचा नाही, ही त्यांची ताठ कण्याची भूमिका आजारपणातही ढळली नाही.

रमाबाई : कान गेले, काम राहिले

रमाबाईंची कथा आपल्याला माहीत आहे असे वाटते. म्हणूनच ती आजाराच्या आणि मृत्यूच्या बाजूने पुन्हा वाचायला हवी.

१८५८मध्ये जन्मलेल्या रमाबाई आईवडिलांसोबत तीर्थयात्रा करत आणि पुराण सांगत वाढल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात कुटुंबाची दैना झाली. ‘साक्ष’ म्हणून १९०७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ती सांगितली आहे. होते नव्हते ते दानधर्मात घातले, उपास केले, देवांची आराधना केली. पण अंगमेहनतीचे काम करायला जातीचा अभिमान आड आला. १८७४मध्ये वडील गेले आणि काही महिन्यांत आई. आईचे प्रेत वाहायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, भाऊ होता, चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी पडत असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीण पटकीने गेली. १८८०मध्ये ढाक्याला भाऊ श्रीनिवास गेला. ज्या बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, तेही १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. चोवीस वर्षे पुरी होण्याआधी माहेर आणि सासर, दोन्ही संपले.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूने. तिथे कळले की त्यांचे ऐकू येणे इतके कमी झाले आहे की डॉक्टरी शिकणे शक्य नाही. वर्गातले व्याख्यान ऐकू येणार नाही, रुग्णाच्या छातीतला आवाज ऐकू येणार नाही. ज्या बाईने भारतभर सभा जिंकल्या तिच्या कानांनी असा दगा दिला. मद्रासच्या कॉलेजातून कृपाबाई परतल्या त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. याच पिढीतल्या तिसऱ्या बाईने, आनंदीबाई जोशींनी, धर्म न बदलता १८८६मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळवली. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. वर्ष उलटण्याच्या आत आनंदीबाईही क्षयाने गेल्या. तीन बायका, एकच इच्छा आणि तिघींच्या वाटेत शरीर उभे. त्या काळात स्त्रीने शिकणे म्हणजे काय किंमत मोजणे होते, हे यातून कळते. आणि आजारपणाचा इतिहास वैद्यकाच्या इतिहासापुरता नसतो हेही.

इंग्लंडमधल्या ज्या अनुभवाने रमाबाईंना हलवले तो तत्त्वज्ञानाचा नव्हता. लंडनच्या फुलम भागात सिस्टर्सनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. अशा बायकांना माया लावणारी माणसे असतात, हे त्यांनी आजवर पाहिले नव्हते. याचे मूळ विचारल्यावर त्यांना योहानातली शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. ती अंतरीची खूण पटायला आणखी सात-आठ वर्षे लागली. तोवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते, ते पुण्याला हलले होते, आणि पुढे १८९३मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठून रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले.

या वादात रमाबाईंच्या विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. दुःखात सापडलेल्या माणसाला मदत करताना धर्म सांगावा का, हा प्रश्न आजही खरा आहे. आजारी माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो का? मिशनच्या इस्पितळांत औषधाआधी प्रार्थना होत असे, हे तिथे गेलेल्या जुन्या माणसांना नवे नाही. मी या प्रश्नाला बगल देत नाही. एवढेच म्हणेन की, ज्यांना इतर कोणी दारात उभे करत नव्हते त्यांच्याबाबत हा प्रश्न विचारताना दार उघडे कोणाचे होते, हेही विचारले पाहिजे.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथल्या एकेका घराच्या नावाकडे पाहा: टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध-दुर्बलांसाठी प्रीती सदन आणि अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. बार्तीमी हा शुभवर्तमानातला आंधळा भिकारी; लोक गप्प बसवत असताना वाटेवरून ओरडणारा. अंधांच्या घराला एखाद्या दात्याचे किंवा दयेचे नाव न देता हाका मारणाऱ्या आंधळ्याचेच नाव द्यावे, यात रमाबाईंचे सगळे म्हणणे येते. त्या मुली ब्रेल वाचायला आणि हाताची कामे करायला शिकल्या. ‘पाप कोणाचे’ या ओसरीवरच्या प्रश्नाला केडगावात असे उत्तर मिळाले.

प्लेग आणि एक पत्र

श्रद्धेने दुःखाला अर्थ दिला की माणूस ते मुकाट्याने सोसतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही. क्रुसाचे चिंतन कधी कधी वेदनेच्या गौरवापर्यंत घसरते. ‘देवाने तुला निवडले म्हणून हे दुखणे दिले’ असे आजाऱ्याला सांगणारे नातेवाईक आणि धर्मगुरू कोणत्याही धर्मात सापडतात. असे वाक्य बोलणाऱ्याला हलके करते आणि ऐकणाऱ्याला एकटे पाडते.

म्हणून १८९७ हे साल महत्त्वाचे आहे. पुण्यात प्लेग आला आणि रँडच्या अंमलाखाली घरझडत्या, सक्तीची इस्पितळे, छावण्या सुरू झाल्या. त्या अंमलाविरुद्ध टिळकांनी लिहिले हे सर्वांना माहीत आहे. रमाबाईंनीही लिहिले, हे फार थोड्यांना. मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात त्यांनी सरकारी प्लेग-इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल उघड तक्रार केली. ज्यांच्या धर्मबंधूंचे राज्य होते त्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच धर्माच्या पत्रात. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

हे पत्र माझ्या लेखी त्यांच्या ‘साक्षी’इतकेच श्रद्धेचे दस्तऐवज आहे. प्लेग देवाने का पाठवला, यावर त्यात प्रवचन नाही. आजारी बाईची विटंबना कोण करतो आहे, हा सवाल आहे. दुखण्याला अर्थ शोधणे आणि दुखणे वाढवणाऱ्याला जाब विचारणे ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हती.

लक्ष्मीबाई : उपदेशाविना

तिसरी साक्ष अगदी वेगळ्या सुराची आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर जो प्रसंग आला तो कोणत्याही आजारापेक्षा कमी नव्हता. नवरा जिवंत असून वेगळे राहणे, लोकांचे बोलणे, झुरणीला लागलेली प्रकृती हे सारे ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, पण रडगाण्याचा सूर नाही. त्या पुढे टिळकांकडे आल्या तरी सोवळे लगेच सुटले नाही. जात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाशी झगडत, स्वतःच्या बुद्धीने त्या १९००मध्ये ख्रिस्ती झाल्या.

नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या छावणीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या बाईला काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, ती आता कोणाच्याही जातीच्या रोग्याची घाण काढत होती. यावर त्या काही सिद्धान्त मांडत नाहीत. स्वतःची फजिती, भीती, एखादा विनोदी प्रसंग सांगून पुढे जातात. मला वाटते, मराठी ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत अस्सल रूप हेच आहे. इथे अर्थ आधी सापडला आणि मग सेवा झाली असे नाही. हात कामाला लागले आणि त्या कामातून, मागे वळून पाहताना, अर्थाचा धागा दिसला.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र थोडक्या अध्यायांवरच अडले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांनीच रचले. वैधव्यातले हे त्यांचे काम. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हा पूल दुःखाच्या भाषेचाही होता. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या आणि देवाशी भांडणाऱ्या तुकोबांनी मराठी माणसाला तक्रार करायला शिकवले होते. म्हणूनच टिळकांची भजने मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या खेड्यांत आजाऱ्याच्या उशाशी म्हटली गेली. ती परकी वाटली नाहीत. ज्या हजारो महार-मांग ख्रिस्त्यांनी कधी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यांची साक्ष अशा भजनांत आहे. शिकलेल्या तिघींवर लिहिताना ही उणीव मला सतत बोचते. हा समाज मुख्यतः त्यांचा होता, आणि कागद मात्र उच्चवर्णीयांचे उरले.

शेवटचे मुद्रित

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना जड आणि खेड्यातल्या बाईला न कळणारी वाटे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. एकेकाळी दुष्काळात उचलून आणलेल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. माहेरचे, सासरचे सगळे गेल्यावर उरलेली एकुलती एक मुलगी, संस्थेची भावी चालक. रमाबाई स्वतःही खंगल्या होत्या. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपले तेव्हाच त्या गेल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही ती तारीख. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रार्थनेत बरे होण्याची मागणी नाही आणि दुःखाचा जाबही नाही. कामापुरता वेळ मागितला आहे.

तिघींना एकत्र ठेवले की एक गोष्ट ठळक होते. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना दुःखाचे कारण सांगितले नाही. उलट कारण सांगणाऱ्या जुन्या निकालातून सोडवले. दुखणे ही शिक्षा नाही एवढे पटल्यावर त्या माणसाची मान वर होते. मग क्रुसावरच्या, स्वतः यातना भोगणाऱ्या देवाची सोबत त्यांना खरी वाटली. आणि त्या सोबतीच्या बळावर आपले दुखणे दुसऱ्याच्या दुखण्यापर्यंत नेता आले. कृपाबाईंनी ते कादंबरीतून केले, रमाबाईंनी सदनातून, लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या छावणीत. अर्थ आजारात दडलेला नव्हता. आजारी माणसाने तो केला.

बीड जिल्ह्यात राहून हा इतिहास वाचताना आजचे एक दुखणे डोळ्यांआड करता येत नाही. इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर पाणी नाही, संडास नाही, कामावर खाडा झाला तर मुकादमाकडून पैसे कापले जातात. अशा वेळी पोटाचे दुखणे घेऊन डॉक्टरकडे गेलेल्या बाईने ‘काढूनच टाका’ म्हणावे, यात नवल नाही. त्या बाईलाही शेजारीण म्हणतेच, ‘नशिबाचे भोग, बाई.’

या बाईला दुःखाचा अर्थ सांगायला जाणाऱ्याने आधी १८९७चे ते पत्र वाचावे. कोणाचे पाप, या जुन्या प्रश्नाला योहानातल्या त्या कथेने दिलेला नकार इथेही लागू आहे: तिचे नाही, तिच्या आईबापांचेही नाही. मात्र हे दुखणे टाळता येण्यासारखे होते, आणि ते कोणी टाळले नाही याचा हिशोब मागता येतो. तो मागून झाल्यावर, ती बाई स्वतः, तिच्या विठोबाच्या, अल्लाच्या किंवा येशूच्या आधाराने आपल्या दुखण्याला जो अर्थ देईल तो तिचा. तो देण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.